किती पाण्यात किती पीक? : हरितगृहातल्या भाजीशेतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

शेतीच्या पाण्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. धरणे, कालवे, पाणलोट, आवर्तनांचे वाद, टँकर यांवर ग्रंथ आहेत, लेख आहेत, कथा-कादंबऱ्याही आहेत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जिथे नातवंडांनाही पाठ आहेत, त्या प्रदेशात पाणी कुठून आणायचे हा प्रश्न आधी यावा यात नवल नाही. आणलेले पाणी मुळाशी पोहोचल्यावर पुढे त्याचे काय होते, त्यातले पिकाच्या कामी किती आले आणि काहीच काम न करता किती गेले, हा प्रश्न मात्र बराच काळ विद्यापीठांच्या प्रयोगक्षेत्रांपुरता राहिला. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. त्यासाठी निवडलेली जागाही लहानशीच आहे. पॉलिहाऊस किंवा शेडनेटमधले दहा-वीस गुंठे, आणि त्यांत उभी असलेली ढोबळी मिरची, काकडी आणि टोमॅटो.

एवढ्याशा जागेसाठी एवढा अभ्यास कशाला, अशी शंका वाचकांनी जरूर घ्यावी. तिचे एक उत्तर पैशाचे आहे. पॉलिहाऊस उभे राहते ते बहुधा कर्जावर, आणि त्यातल्या एका हंगामाची चूक पुढची काही वर्षे हप्त्यांतून फेडावी लागते. दुसरे उत्तर अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. पॉलिहाऊस ही पाण्याचा हिशेब पुरा करता येईल अशी जागा आहे. वरून पाऊस येत नाही, बाजूच्या शेतातले पाट फुटत नाहीत. आत आलेला थेंब न् थेंब तुम्ही सोडलेला असतो. तो पानातून गेला, मातीतून उडाला की मुळांच्या खाली झिरपला, हे थोड्या कष्टाने शोधता येते. उघड्या रानात हा हिशेब मांडायला वर्षे लागतात. इथे तो एका हंगामात शिकता येतो, आणि शिकलेले उघड्या रानातही कामी येते.

या अभ्यासाला लागणारी वृत्ती आपल्याला परकी नाही. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांनी पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला आणि उसासारख्या पिकांना त्यात जागा ठेवली नाही. हिवरे बाजारने पावसाच्या नोंदीवरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची आणि त्यावरून पिके ठरवायची रीत घालून दिली. इस्रायलमधल्या हात्झेरिम किबुत्झमध्ये सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेवर १९६५ साली ठिबकचा उद्योग सुरू झाला. पुढे भवरलाल जैन यांनी जळगावात ठिबक संच बनवायला घेतले आणि खानदेशातल्या केळीच्या बागांनी ते तंत्र आपलेसे केले. मावळातल्या गुलाब-जरबेराच्या पॉलिहाऊसनी झाकलेल्या शेतीची सवय लावली, त्यामागून भाजीपाला आला. मोजून पाणी देण्याची ही परंपरा गावाच्या, शिवाराच्या आणि बागेच्या पातळीवर आधीच आहे. या पुस्तकाला ती एका झाडापर्यंत न्यायची आहे.

आता मुख्य कल्पनेकडे वळू. पाणीवापराची कार्यक्षमता म्हणजे दिलेल्या पाण्याच्या मानाने मिळालेले पीक. हा भागाकार आहे, आणि भागाकाराला दोन बाजू असतात. समजा, दहा गुंठ्यांत ढोबळी मिरचीला एका हंगामात आठ लाख लिटर पाणी दिले आणि आठ टन फळे निघाली. किलोमागे शंभर लिटर पाणी झाले. पाणी वीस टक्क्यांनी कमी करून तेवढीच फळे मिळवली, तर हा आकडा ऐंशीवर येतो. पाणी तेवढेच ठेवून फळे दहा टनांवर नेली, तरी तो ऐंशीच होतो. दोन्ही साधले तर चौसष्ट. याच उदाहरणातली तिसरी शक्यताही पाहा. पाणी वीस टक्के तोडले आणि त्या ताणाने फुलगळ होऊन उत्पादन सहा टनांवर आले. पाणी वाचले खरे, पण किलोमागचा खर्च शंभरावरून एकशे सहा लिटरांच्या वर गेला. पाण्याची बचत झाली आणि कार्यक्षमता घटली.

या लहानशा गणितात सगळ्या विषयाचे सार आहे. नवे वाचक या क्षेत्रात येतात ते बहुधा 'पाणी कमी कसे द्यावे' हा प्रश्न घेऊन. काही दिवस तो बाजूला ठेवावा, अशी आमची विनंती आहे. निरोगी मूळ, पुरेसा उजेड, वेळेवर छाटणी आणि रोगापासून राखलेले पान यांनी तेवढ्याच पाण्यात पीक वाढते, आणि कार्यक्षमतेतली मोठी वाढ पुष्कळदा याच बाजूने येते. म्हणून पुस्तकात सिंचनाइतकीच जागा वाढीला दिली आहे. विषयाच्या नावात पाणी आधी येत असले, तरी वाचताना दोन्ही बाजू सोबत धराव्यात.

झाड एवढे पाणी पिते तरी कशासाठी, हे कुतूहल जुने आहे. इंग्लंडमध्ये जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची झाडे पाण्याच्या बाटल्यांत वाढवली, पाणी आणि झाडे दोन्ही तोलून पाहिली आणि १६९९ साली निष्कर्ष मांडले. झाडाच्या वजनात जेवढी भर पडली, त्याच्या पन्नासपटीपासून सातशेपटीपर्यंत पाणी झाडातून निघून गेले होते. स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाच्या झाडातून उडणारे पाणी मोजले आणि १७२७ साली ग्रंथरूपाने मांडले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या ॲक्रन इथे ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी वेगवेगळी पिके बंद तोंडाच्या कुंड्यांत वाढवली आणि ग्रॅमभर वाढीसाठी कोणते पीक किती पाणी घेते याचे तक्ते केले. ज्वारी-बाजरीच्या वर्गातली पिके थोड्या पाण्यात भागवतात आणि लसूणघासाला फार लागते, हे त्यात आकड्यांनी दिसले. आपल्या शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक होतेच. तक्त्यांनी त्याला माप मिळाले.

पाणी किती उडेल हे हवामानावरून आधीच सांगता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये सूर्याची ऊर्जा आणि हवेचा कोरडेपणा यांना एका सूत्रात बांधले. जॉन माँटिथ यांनी १९६५ मध्ये त्यात पानाचा स्वतःचा अडसर आणला. जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली या सूत्रावर आधारलेली मार्गदर्शिका काढली, आणि आज जगभर पिकांच्या पाण्याचे अंदाज तिच्या आधाराने बांधले जातात. पण हे सारे उघड्या रानाचे होते. वारा जवळजवळ नाही, ऊन गाळून आलेले आणि हवा झाडांनीच दमट केलेली, अशा जागेत सूत्र कसे बदलते हे सेसिलिया स्टँगेलिनी यांनी नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे १९८७ च्या प्रबंधात मांडले. हरितगृहातल्या पाण्याचा स्वतंत्र अभ्यास ज्या कामांवर उभा राहिला, त्यांत या प्रबंधाची गणना करावी लागेल. सूत्रे पाहून बिचकण्याचे कारण नाही. त्यांच्यामागची गोष्ट एका पानाची आहे, आणि ती साध्या शब्दांत सांगता येते.

पानाच्या खालच्या अंगाला हजारो सूक्ष्म तोंडे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ती उघडल्याशिवाय कर्बवायू आत येत नाही, आणि कर्बवायू नसेल तर अन्न तयार होत नाही. पण उघड्या तोंडातून वाफ बाहेर पडतेच. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक पाणी याच वाटेने जाते आणि झाडात राहते ते अगदी थोडे. म्हणजे पानातून गेलेले पाणी वाया गेले असे म्हणता येत नाही, ती वाढीची किंमत आहे. ही किंमत किती पडेल हे हवेच्या कोरडेपणावर ठरते. त्याचे माप म्हणजे बाष्पदाबतूट, आपले पॉलिहाऊसधारक तिला व्हीपीडी म्हणतात. सकाळी हवा २५ अंशांवर आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ही तूट सुमारे ०.८ किलोपास्कल असते. एप्रिलच्या दुपारी पॉलिहाऊस ३८ अंशांवर गेले आणि आर्द्रता तीस टक्क्यांवर आली की ती साडेचाराच्या पुढे जाते. सकाळच्या मानाने ही ओढ जवळजवळ सहापट झाली. त्या ओढीपुढे मूळ पुरे पडत नाही, पान रंध्रे मिटून घेते आणि ऐन उजेडाच्या वेळी अन्न बनवणे मंदावते.

उलट टोकही तितकेच वाईट. पावसाळ्यात पडदे बंद ठेवल्यावर हवा दमट होऊन तूट फारच कमी होते. पाणी फारसे वर चढत नाही, आणि पाण्याच्या ओघाबरोबर जाणारे कॅल्शियमही शेंड्यापर्यंत व फळापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मिरचीच्या किंवा टोमॅटोच्या टोकाला काळपट, दबलेला डाग दिसला की पुष्कळ जण कॅल्शियमची फवारणी घेतात. मातीत कॅल्शियम भरपूर असूनही हा डाग येतो. मूळ कारण पाण्याच्या ओघात असते. कधी मुळाशी ओलावा कमी-जास्त होतो, कधी कोरड्या दुपारी सगळा ओघ पानांकडे वळतो आणि फळ मागे राहते. पहाटे काकडीच्या पानांच्या कडेला मण्यांसारखे थेंब दिसतात. ते बहुधा दव नसते. रात्री मुळांनी दाबाने वर ढकललेले पाणी तिथून बाहेर आलेले असते. असे थेंब रोज दिसत असतील तर मुळे कामावर आहेत, एवढे त्यावरून खात्रीने कळते.

आता पाणी किती, याचा अंदाज ऊर्जेच्या अंगाने बांधून पाहू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. मे महिन्यातल्या निरभ्र दिवशी पुण्याच्या आसपास एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे २४ मेगाज्यूल ऊर्जा पडते. पॉलिहाऊसचा कागद, त्यावरची धूळ आणि सांगाड्याची सावली मिळून तिसरा हिस्सा गेला, तर आत सोळा उरतात. पूर्ण वाढलेल्या पिकात यातला साधारण दोन तृतीयांश भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो असे धरले, तर चौरस मीटरला चार लिटरांच्या थोडे वर पाणी लागेल. दहा गुंठ्यांना, म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटरना, चार हजार लिटर. ऑगस्टमधल्या ढगाळ दिवशी बाहेरच बारा मेगाज्यूल असतील, तर हीच गरज दोन हजारांच्या आसपास येते. पुष्कळ ठिकाणी ठिबक मात्र दोन्ही दिवशी तेवढीच मिनिटे चालते. घड्याळाऐवजी उन्हावर पाणी सोडणे ही या शास्त्राची पहिली आणि सर्वांत स्वस्त शिकवण आहे. ती पाळायला सेन्सर असला तर उत्तम, नसला तरी ढग ओळखणारी नजर पुष्कळ काम करते.

पानानंतर मूळ. इथे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेने शास्त्रज्ञाचे काम सोपे करून ठेवले आहे. वाफसा म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला मुळाला पाण्याइतकीच हवाही लागते हे वेगळे शिकवावे लागत नाही. मूठभर माती दाबली, गोळा झाला, बोटाच्या टिचकीने फुटला आणि तळव्याला ओल लागली पण पाणी सुटले नाही, ही खूण आजही मातीतला ओलावा जोखणाऱ्या टेन्शिओमीटरशेजारी मान राखून आहे. गादीवाफ्यात लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळतात ते याचसाठी. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. उन्हात पडलेल्या नळ्यांतले पाणी दुपारी तापते, आणि पाणी तापले की त्यातला विरघळलेला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात तो लिटरला ८.३ मिलिग्रॅमपर्यंत राहू शकतो, ३५ अंशांना सातच्या आसपास येतो. गरम, हवा कमी असलेले पाणी ओल्याच मातीत पुन्हा पुन्हा दिले की पांढरी मुळी तपकिरी पडते. वर पान सुकलेले दिसते आणि आपण आणखी पाणी सोडतो.

दुपारी सुकणारे झाड तहानलेलेच असते असे नाही, हे एका उदाहरणाने पाहू. काकडीचा वेल भर दुपारी मान टाकतो आणि संध्याकाळी सावरतो. ठिबकची मिनिटे वाढवली जातात, तरी दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी एक वेल मुळासकट उपटला की मुळांवर आल्याच्या लहान तुकड्यांसारख्या गाठी दिसतात. या सूत्रकृमीच्या गाठी. मुळातून वर जाणारा रस्ताच अडलेला आहे, त्याला वाढीव पाण्याचा काय उपयोग? एकाच वाफ्यात वर्षानुवर्षे तीच पिके घेतल्यावर पॉलिहाऊसमध्ये ही कटकट हटकून येते. इथे पाण्याची कार्यक्षमता वाढते ती पिकाचा फेरपालट, उन्हाळ्यात माती तापवणे आणि चिवट खुंटावर केलेले कलम यांनी. टोमॅटोत प्रतिकारक्षम खुंट मिळतात. काकडी भोपळ्याच्या खुंटावर बांधली की मुळांचा पसारा आणि जमिनीतल्या रोगांपुढचा टिकाव वाढतो, सूत्रकृमीपुढे मात्र भोपळ्याचे मूळही पुरते सुरक्षित नाही. अशा तपशिलांतला फरक ओळखता येणे हेच या अभ्यासाचे फळ आहे.

मातीऐवजी कोकोपीटच्या पिशव्यांत पीक घेतले की हिशेब आणखी उघडा होतो. एक जादा ड्रिपर बाटलीत सोडा, एक झाड आणि एकच ड्रिपर असलेल्या एका पिशवीखाली ताट ठेवा. दिवसअखेर बाटलीत एक लिटर जमले आणि ताटात पाव लिटर निचरा झाला, तर झाडाने पाऊण लिटर घेतले. मग दोन्हींची ईसी, म्हणजे क्षारांचे प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता, पाहा. दिलेल्या पाण्याची दोन असताना निचऱ्याची अडीचच्या आसपास असेल तर ठीक. ती चारावर गेली असेल तर पिशवीत क्षार साचत आहेत, आणि थोडे जादा पाणी देऊन ते धुवून काढावे लागतील. एरवी वाया गेल्यासारखे वाटणारे पाणी इथे कामाचे ठरते. मातीच्या वाफ्याखाली ताट ठेवता येत नाही, म्हणून तिथला निचरा डोळ्याआड होतो. पण तो नत्र घेऊन खाली उतरतो, आणि पुष्कळदा आपल्याच विहिरीत परत येतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे येते. पाण्याची प्रत चांगली असेल तर पाणी कमी लागते. बोअरचे पाणी क्षारांचे असले की दर वेळी धुण्यासाठी जादा सोडावे लागते, वर ड्रिपर चोंदतात ते वेगळेच. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. सांगोला, माण, जत यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांत वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तरी दहा गुंठ्यांच्या छतावर पाच लाख लिटर पाणी पडते. ढोबळी मिरचीच्या आधीच्या उदाहरणातल्या हंगामाची निम्म्याहून अधिक गरज त्यात भागते. गटर नीट बसवून हे पाणी अस्तर घातलेल्या शेततळ्यात घेतले आणि बोअरच्या पाण्यात मिसळून वापरले, तर दोन्हींचा पल्ला वाढतो. शेततळे उघडे राहिले तर त्यातले बरेच पाणी उन्हाळ्यात उडून जाते, म्हणून ते झाकण्याचा विचार गटरच्या खर्चासोबतच करावा.

पिकाला मुद्दाम थोडा ताण देऊन पाणी वाचवण्याचा मार्गही या शास्त्रात बराच अभ्यासला गेला आहे. टोमॅटोत फळे पिकण्याच्या काळात पाणी बेताने कमी केले तर फळ लहान पण गोड आणि घट्ट होते. हाच ताण फुलोऱ्यात दिला तर फळधारणाच मार खाते. ढोबळी मिरचीला ताण सोसत नाही, फळाचा आकार घटतो आणि प्रतवारीत ते खाली जाते. काकडीला तर तो मुळीच चालत नाही. त्यामुळे एका पिकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला लावताना, किंवा एका अवस्थेचा दुसरीला लावताना, वाचकांनी दोनदा विचार करावा.

जगाकडे पाहिले तर या प्रयत्नांचा आवाका कळतो. वाखेनिंगेनच्या संशोधकांनी टोमॅटोची एक तुलना मांडली आहे. स्पेन-इस्रायलमध्ये उघड्या रानात ठिबकवर किलोमागे सुमारे साठ लिटर पाणी लागते. स्पेनच्या साध्या प्लास्टिकगृहात चाळीस, नेदरलँड्सच्या नियंत्रित काचगृहात बावीस, तिथेच निचऱ्याचे पाणी पुन्हा वापरले तर पंधरा, आणि पूर्ण बंद, थंड केलेल्या काचगृहात चारच्या आसपास. हे आकडे उमेद वाढवतात, पण त्यांना लागून आलेले बिलही पाहावे. चार लिटरांची किंमत विजेत आणि भांडवलात मोजली जाते. स्पेनच्या अल्मेरियात सुमारे तीस हजार हेक्टर प्लास्टिकखाली आहेत. तिथे प्रत्येक थेंब काटेकोर वापरूनही एकूण उपसा एवढा झाला की भूजल खालावले आणि किनाऱ्याजवळ समुद्राचे पाणी आत शिरले. किलोमागे पाणी कमी लागणे आणि तालुक्याचे पाणी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाणी पंचायतीच्या प्रदेशातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज पडू नये.

वाचकांनी एक सवय मात्र आधीपासून लावून घ्यावी. 'पन्नास टक्के पाणी वाचले' असे वाक्य आले की थांबून विचारावे : कशाच्या तुलनेत? पाटपाण्याच्या तुलनेत हे वाक्य सोपे आहे, नीट चालवलेल्या ठिबकच्या तुलनेत ते फार अवघड. पाणी पंपाशी मोजले की ड्रिपरशी? हवा थंड करणाऱ्या फॅन-पॅडचे आणि फॉगरचे पाणी हिशेबात धरले का? कोरड्या, उष्ण भागात पॅडवर उडणारे पाणी पिकाच्या पाण्याच्या बरोबरीला येऊ शकते, आणि अनेक हिशेबांत ते दिसतच नाही. उत्पादन एकूण की विकण्याजोगे? पिकाच्या वाढीसाठी विकली जाणारी ह्युमिक आम्ले, समुद्रशेवाळाचे अर्क, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी यांच्याविषयी चांगले संशोधन आहे आणि बाटलीवरच्या जाहिरातीही आहेत. वरचे प्रश्न विचारले की दोन्ही आपोआप वेगळे होतात.

हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याच क्रमाने वाचावे असा आग्रह नाही. तुम्ही विद्यार्थी असाल तर पानाच्या प्रकरणापासून आरंभ करा, सूत्रे पहिल्या वाचनात ओलांडून जा आणि हंगामाच्या मध्यावर त्यांच्याकडे परत या. पॉलिहाऊसधारक असाल तर मूळ आणि निचरा यांची प्रकरणे आधी वाचा, तिथे उद्याच करता येईल असे काही ना काही सापडेल. कृषी अधिकारी किंवा सल्लागार असाल, तर पाण्याच्या प्रतीचे आणि हिशेबाचे प्रकरण जवळ ठेवा, कारण तुमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न पाणी किती याविषयी असतील आणि त्यांची उत्तरे पाणी कसे आहे यात निघतील.

या क्षेत्रात करण्यासारखे अजून खूप आहे, आणि नव्या माणसाने यावे असे वाटण्याचे खरे कारण हेच. वाऱ्यानेच हवा खेळती ठेवणारी आपली पॉलिहाऊस काचगृहांपेक्षा फार वेगळी आहेत. त्यांतल्या पिकांच्या पाण्याचे गुणांक आपल्याच आकाशाखाली, आपल्याच जातींवर, मार्चच्या कोरड्या वाऱ्यात आणि जुलैच्या झडीत मोजले जायला हवेत. कोकणातल्या दमट पावसाळ्यात पडदे केव्हा उघडावेत, मराठवाड्यातल्या क्षारयुक्त पाण्यावर निचरा किती ठेवावा, लहान शेतकऱ्याला परवडेल असा आणि विश्वासाने वाचता येईल असा ओलावामापक कोणता, या प्रश्नांची उत्तरे परदेशी तक्त्यांतून मिळणार नाहीत. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांइतकाच त्यांत नोंदी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांचा वाटा असणार आहे.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. ठिबकच्या मुख्य नळीवर पाण्याचा मीटर बसवून घ्या, आणि प्रत्येक तोड्याच्या दिवशी त्याचा आकडा व मालाचे वजन एकाच वहीत शेजारी-शेजारी लिहा. शेजाऱ्याचा किंवा तक्त्यातला आकडा उसना घेऊ नका, तो तुमच्या पॉलिहाऊसचा नाही. चार-सहा तोडे झाले की किलोमागे किती लिटर हा तुमचा स्वतःचा आकडा हाती येईल, आणि पुढच्या प्रकरणांतली प्रत्येक शिफारस तुम्ही त्याच्यावर घासून पाहू शकाल.